पाठ की पोथी?

गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी कोणाच्याही घरी आरतीला उभे राहा. पहिले कडवे सगळे घर दणक्यात म्हणते. दुसऱ्याला आवाज निम्म्यावर येतो. तिसऱ्या कडव्यात बहुतेकांचे ओठ नुसते हलत असतात आणि एखादी आत्या किंवा काकू एकटीच खिंड लढवत असते. मग ध्रुपद येते आणि मधे गळालेले सगळे एकदम परततात. टाळ्यांचा जोर वाढतो, मुले झांजा बडवतात, आणि आपण काही विसरलो होतो याचाच सगळ्यांना विसर पडतो. शेजारी म्हणून, मित्र म्हणून मी अशा कितीतरी आरत्यांना उभा राहिलो आहे. ओठ हलवणाऱ्यांत अनेकदा मीही असतो.

अलीकडे यजमानाच्या हातात आरतीसंग्रहाची पुस्तिका असते, नाहीतर मोबाइल. त्यामुळे तिसरे कडवे बिनचूक पार पडते. चांगलीच गोष्ट आहे. तरीही ध्रुपदाला जी लाट उसळायची ती थोडी ओसरल्यासारखी वाटते. प्रत्येकाची नजर आपापल्या ओळीवर असते. कोणी कोणाची वाट पाहत नाही.

मिळून गाताना पुस्तक समोर असावे की गाणे पाठ असावे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आहे. चष्मा सापडला तर पुस्तक, नाहीतर पाठ. पण ज्या भजनात माझे कान तयार झाले तिथे याच प्रश्नावरून जाणती माणसे महिनामहिना एकमेकांशी बोलत नव्हती. त्या भजनाविषयी मला सांगायचे आहे.

आमचे गाव करमाळा तालुक्यातले. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून करमाळ्यामार्गे पंढरपूरला जाते, त्यामुळे वारी आमच्याकडे ऐकीव गोष्ट नव्हती. मारुतीच्या देवळासमोर अब्बांचे शिवणाचे दुकान होते. संध्याकाळी देवळात भजन सुरू झाले की अब्बांचे पाय मशीनच्या पायट्यावर पखवाजाच्या लयीत पडू लागत. त्यांना ते कळत नसे. दादी म्हणायची, ‘आज सिलाई टेढी होनेवाली, मंदिर में ढोल बज्या.’ मी दुकानाच्या फळीवर बसून काजे करायचो आणि ऐकायचो. दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत मला पंधरा-वीस अभंग येत होते, पण अर्थ एकाचाही सांगता आला नसता.

भजनाचे बुवा म्हणजे अण्णा. जिरायत चार एकर, दोन म्हशी आणि कंठात अभंगांचे कोठार. एके दिवशी कपडे घ्यायला आले असताना मी काजे करताकरता गुणगुणत होतो. अण्णा उंबऱ्यात थांबले, पूर्ण अभंग ऐकला आणि अब्बांना म्हणाले, ‘पोरगं आमच्याकडं पाठवत जा, चाचा. चाल धरतंय.’ दोन्हीकडच्या दोन-चार जणांनी नाके मुरडली. अब्बांनी पाठवले. मी रांगेत न बसता देवळाच्या पायरीवर बसायचो. तसे मला कोणी सांगितले नव्हते, मीच बसायचो.

अण्णांचा एकच नियम होता: पुस्तक घरी, टाळ देवळात. भजनाला कोणी वही काढली की ते गाणे थांबवत. यात कर्मठपणा आहे असे मला तेव्हा वाटे. पुढे कळले की या नियमाच्या मुळाशी पुष्कळसा व्यवहार होता. वारकऱ्यांचे टाळ दोन्ही हातांत असतात. पान उलटायला तिसरा हात लागेल. दिंडीत चालत गायचे, तेही आषाढाच्या तोंडावर, भुरभुर पावसात. पावलीत पुढे-मागे पावले टाकायची. काकडा पहाटे व्हायचा, तेव्हा देवळात समईखेरीज उजेड नसायचा. शिवाय आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना अक्षर ओळखता येत नव्हते. पुस्तक काढणे म्हणजे त्या निम्म्यांना न बोलता बाजूला सारणे. हे शेवटचे कारण अण्णांनी कधी उच्चारले नाही. पण वही बाहेर निघाली की ते आधी त्यांच्याकडेच पाहत, हे पायरीवरून मला दिसायचे.

इतके अभंग माणसाच्या डोक्यात राहतात कसे? एकेकटे शब्द लक्षात ठेवायचे म्हटले तर राहणार नाहीत. अभंगाची घडणच त्यासाठी आहे. मोठ्या अभंगाच्या चरणात चार तुकडे असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे आणि त्यांचे यमक. त्यामुळे एक तुकडा ओठांवर आला की पुढच्या तुकड्याला जागा ठरलेली, लांबी ठरलेली, शेवटचा आवाजही ठरलेला. चुकीचा शब्द तिथे सहसा बसतच नाही. शेवटी कवीची मुद्रा, म्हणजे ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’. ती आली की अभंग संपत आला हे पखवाजवाल्यालाही कळते.

ध्रुपदाचे काम तर फार हुशारीचे आहे. बुवांनी एक चरण म्हटला की टाळकरी तो उचलतात आणि मग सगळे ध्रुपदावर येतात. ऐकणाऱ्याला ही गोडीसाठी केलेली पुनरुक्ती वाटते. गाणाऱ्याला तेवढ्यात पुढचा चरण आठवायला सवड मिळते. अण्णा ध्रुपद चालू असताना डोळे मिटायचे. भक्तिभाव असेलच; पण ते डोक्यात पुढचे पान उलटत असायचे, असे आता मला वाटते.

आणखी एक आधार म्हणजे क्रम. कोणत्या वेळी, कोणत्या दिवशी कोणते अभंग म्हणायचे याची वारकऱ्यांत एक माळ लागलेली आहे. तिला भजनी मालिका म्हणतात. एकोणिसाव्या शतकात आळंदीहून ज्ञानोबांच्या पालखीचा सोहळा ज्यांनी उभा केला त्या हैबतबाबा आरफळकरांनी दिंडीच्या भजनाला ही शिस्त लावली, असे परंपरा सांगते. अभंग एकटा आठवावा लागत नाही. आधीच्या अभंगाचे शेपूट धरून तो येतो. मी एकदा अण्णांना भर दुपारी बांधावर गाठून एका अभंगाचा तिसरा चरण विचारला. त्यांना सांगता येईना. मग त्यांनी दोन बोटांनी मांडीवर ठेका धरला, पहिल्यापासून गायला लागले आणि तिसरा चरण आपसूक आला. ‘हे मला येत न्हाई,’ ते म्हणाले, ‘चालीला येतंय.’

मी मात्र चोर होतो. दुकानात अब्बांची मापे लिहायची वही होती. तिच्या मागच्या पानांवर मी ऐकलेले अभंग उतरवून ठेवायचो. एका बाजूने छाती, कमर, बाही. दुसऱ्या बाजूने नामदेव आणि तुकाराम. पुढे पुण्यात बी.ए.ला असताना समजले की अशा हाती लिहिलेल्या संग्रहवहीला मराठीत जुना शब्द आहे, ‘बाड’. कीर्तनकारांची, रामदासींची बाडे असत. आणि शिया लोकांत मुहर्रमचे नौहे गाणाऱ्यांकडे अशीच पिढीजात वही असते, तिला ‘बयाज’ म्हणतात. तेव्हा पाठ म्हणणाऱ्यांच्या घरी वही नसतेच, हे काही खरे नाही. ती खुंटीला टांगलेल्या पिशवीत असते. प्रश्न ती मैफलीत आणायची का, एवढाच असतो.

जुन्या काळी सगळे तोंडी होते आणि छापखान्याने ते बिघडवले, असे बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. ते तितके सरळ नाही. ज्ञानेश्वरी लिहून झाली १२९० साली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी आणि म्हणणाऱ्यांनी तिच्यात इतके फेरफार केले की १५८४ साली एकनाथांना पाठ शुद्ध करायला बसावे लागले. म्हणजे छापखाना यायच्या कितीतरी आधी ‘मूळ शब्द कोणता’ ही चिंता होतीच. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा शेवट दोन तऱ्हांनी सांगतात. एक म्हणजे तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या. दुसरा असा की वह्या गेल्या, पण लोकांच्या तोंडी अभंग होते, तेच तरले. पोथीवाल्यांना पहिला आवडतो, पाठवाल्यांना दुसरा. मजा अशी की देहूला ‘भिजकी वही’ म्हणून एक हस्तलिखित तुकोबांच्या हातचे म्हणून जपलेले आहे, आणि संताजी जगनाडे यांनी अभंग लिहून ठेवल्याचेही आपण अभिमानाने सांगतो. ज्यांनी लिहिले तेच गात होते. त्यांना या दोहोंत भांडण दिसले नसावे.

१८६९ आणि १८७३ या साली तुकोबांच्या गाथेची दोन खंडांची छापील आवृत्ती मुंबईत निघाली. गाथेतले अभंग साडेचार हजारांच्या पुढे आहेत. आता आमच्या मंडळाचा हिशेब सांगतो. सगळ्यांच्या कंठातले मिळून, सगळ्या संतांचे धरून, दीडशे-दोनशे अभंग असतील. त्यातले नेहमी म्हटले जाणारे साठ-सत्तर. बाकीचे कुठे गेले? इथे पाठांतराची एक खोड लक्षात येते. पाठांतर ही चाळण आहे. गोड, चालीवर बसणारे, सगळ्यांना पटणारे तेवढे खाली पडते. तुकोबा देवाशी कडाकडा भांडतात ते अभंग, दुष्काळाचे, घरातल्या मृत्यूंचे, दांभिकांना झोडपणारे अभंग आमच्या गावात मी फारसे ऐकलेच नाहीत. कोणी बंदी घातली नव्हती. ते कोणाच्या जिभेवर रुळले नाहीत, इतकेच. भांडणारे तुकोबा मला भेटले ते छापील गाथेत.

आणि दुसरे एक माणूस भेटले. श्रीगोंद्याचे शेख महंमद. सतराव्या शतकातले संतकवी, ‘योगसंग्राम’चे कर्ते. श्रीगोंदा आमच्या गावाहून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. तरी आमच्या देवळात त्यांचा एकही अभंग मी ऐकला नव्हता, आणि आमच्या मशिदीत तर नाहीच. कॉलेजच्या ग्रंथालयात एका धूळभरल्या पुस्तकात ते नाव दिसले तेव्हा मी जागचा उठलोच. मुसलमानाच्या पोराने मराठीत कविता का करावी, असे तेव्हा मला दोन्हीकडून विचारले जात होते. त्या प्रश्नाचे उत्तर साडेतीनशे वर्षे शेजारच्या गावात होते आणि माझ्या गावाच्या कंठाने ते सांभाळलेले नव्हते. ते एका पुस्तकाने सांभाळले होते. म्हणून पोथीला कोणी नावे ठेवली की मला गप्प बसवत नाही.

पण पोथीचेही काय सांगावे! पंढरपूरला देवळाभोवती बुक्का, तुळशीमाळा यांच्या शेजारी भजनाच्या पुस्तिका विकायला असतात. स्वस्त, पातळ कागद, घाईची छपाई. आमच्या मंडळातल्या तरुणांनी एक वर्ष तसल्या पुस्तिका आणल्या आणि अण्णांच्या नकळत घरी पाठ केल्या. पुढच्या एकादशीला एका चरणात ‘पाय’च्या जागी ‘माय’ म्हणत सगळे जोरात सुटले. खिळा चुकला होता. अण्णांनी टाळ थांबवले. ‘आधी अर्थ बघ की रं,’ ते म्हणाले, ‘पुस्तकानं सांगितलं तर खड्ड्यात उडी टाकशील?’

दोनच वर्षांनी डाव उलटला. मी पंढरपूरहून चांगली गाथा घेतली होती. सुटीत माझ्या मापाच्या वहीतले अभंग तिच्याशी ताडून पाहिले, तर एका अभंगात, जो आमच्याकडे दर एकादशीला होत असे, एक ‘न’ गायब होता. फक्त ‘न’. पण तो नसल्याने चरणाचा अर्थ नेमका उलटा होत होता. जे करू नये म्हणून तुकोबा सांगत होते तेच आम्ही टाळाच्या गजरात करा म्हणत होतो. अक्षर कमी पडले तरी चालीने आधीचे अक्षर ताणून जागा भरली होती, त्यामुळे कानाला खटकत नव्हते. मी भीतभीत गाथा अण्णांकडे नेली. त्यांनी ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘माझ्या बापानं असंच म्हटलं होतं.’ आणि थोड्या वेळाने, ‘वाटंत कुठंतरी सांडला म्हणायचा.’

आता थोडे आमच्या बाजूचे. कुराण तोंडपाठ असलेल्याला हाफिज म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असते. तीस पारे, सहा हजारांवर आयती, एक जेर-जबर न चुकता. रमजानमध्ये रात्री तरावीहच्या नमाजीत हाफिज इमाम रोज थोडे थोडे करत ते पूर्ण म्हणतात. समोर पुस्तक नसते. आमच्या हनफी मताप्रमाणे नमाजीत पाहून वाचणे चालत नाही. कोकणातले मुसलमान शाफई मताचे, त्या मतात तरावीहला कुराण हाती धरून वाचायची मुभा आहे. म्हणजे हा वाद तिथेही आहेच, चौदाशे वर्षांचा!

पाठांतराची एवढी मोठी परंपरा, पण तिलाही एकदा कागदाची गरज भासली. पैगंबरांच्या पश्चात यमामाच्या लढाईत अनेक हाफिज एकदम मारले गेले. माणसे गेली तर शब्दही जातील, ही धास्ती हजरत उमरना वाटली, आणि त्यांच्या आग्रहावरून खलिफा अबू बक्र यांच्या काळात जैद बिन साबित यांनी लिखित तुकडे आणि लोकांच्या तोंडचे पाठ गोळा करून एकत्र संहिता केली. तरी हाफिज व्हायचे थांबले नाही. आजही रमजानच्या आधी हाफिज दुसऱ्या हाफिजासमोर बसून पाठ ताजा करतात, त्याला ‘दौर’ म्हणतात.

मला यातला एक शब्द फार आवडतो: लुकमा. इमाम एखाद्या आयतीत अडकले की मागच्या रांगेतला जाणकार पुढचे शब्द मोठ्याने म्हणून देतो. त्याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. विसरलेल्याच्या तोंडात शब्दाचा घास भरवायचा! यात इमामाचा अपमान होत नाही. मागे कोणी लुकमा देणारा आहे म्हणूनच पुढे उभे राहायची हिंमत होते. नियम एकच. लुकमा जमातीत उभ्या असलेल्यानेच द्यायचा. बाहेर बसलेल्याने सुचवले आणि इमामाने ते घेतले, तर नमाज मोडते.

२००४ सालची दिवाळी. मी घरी आलो होतो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे काकडा असतो, म्हणून पहाटे उठून देवळात गेलो आणि जुन्या सवयीने पायरीवर बसलो. अण्णा पंच्याहत्तरीच्या पुढे गेले होते. आवाज पातळ झाला होता, पण उभे होते. तिसऱ्या की चौथ्या अभंगाला दुसरा चरण झाला, ध्रुपद झाले, आणि अण्णा पुढचा चरण उचलेनात. टाळकऱ्यांनी ध्रुपद पुन्हा फिरवले. परत एकदा फिरवले. अण्णांनी डोळे उघडले आणि रांगेकडे पाहिले. रांगेत चौदा-पंधरा माणसे होती. एकाच्याही तोंडातून शब्द येईना. चाळीस वर्षे ते सगळे अण्णांच्या मागोमाग म्हणत आले होते; अण्णांच्या आधी म्हणायची वेळच कोणावर आली नव्हती. मंडळाचे पाठांतर म्हणून आम्ही ज्याचा अभिमान बाळगत होतो ते एका म्हाताऱ्या डोक्यात साठवलेले होते. गाथा होती, पण पुजाऱ्याच्या घरी, कपाटात.

मला तो चरण येत होता. मापाच्या वहीतले ते पान डोळ्यांसमोर उभे होते, बाहीच्या मापासकट. पण मी पायरीवर होतो. मी जमातीत आहे की बाहेर, हे मला ठरवता येईना. घसा कोरडा पडला. पखवाजवाला नुसता ठेका धरून होता.

तेवढ्यात खांबामागून आवाज आला. तिथे बायका बसायच्या, भिंतीला टेकून, भजन ऐकायला. त्यांच्या हाती कधी टाळ दिले गेले नव्हते. त्यातल्या एका आजींनी, पदर डोक्यावरून पुढे ओढत, चरण म्हटला. गायला नाही, नुसता म्हटला, घरात नातवाला जेवायला हाक मारावी तसा. अण्णांनी तो त्यांच्या तोंडून घेतला आणि गाणे पुढे गेले. संपल्यावर कोणी काही बोलले नाही. अण्णा मात्र प्रसाद वाटताना खांबापाशी थांबले आणि म्हणाले, ‘वैनी, आनखी किती येत्यात तुमाला?’ आजी म्हणाल्या, ‘तुमी म्हनत आला तेवढं समदं.’

या प्रसंगातून पाठवाल्यांचाच पक्ष मजबूत होतो, असे कोणी म्हणेल. आजींना पुस्तकाशिवायच येत होते ना? येत होते. पण त्यासाठी त्यांना किती वर्षे भिंतीला टेकून बसावे लागले ते पाहा. पाठांतराची किंमत वेळात मोजावी लागते. रोजची संध्याकाळ, वर्षानुवर्षे, एकाच गावात. आजींच्या सुनेकडे तो वेळ नाही. ती सकाळी अंगणवाडीत जाते, आल्यावर शेत आहे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आहे. तिच्या मुलीकडे तर गावच नाही. ती लग्न होऊन भोसरीला असते. त्यांनी भजन करायचेच नाही का?

दोन वर्षांनी गावात बायकांचे भजनी मंडळ निघाले. सुनेनेच पुढाकार घेतला. त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून झेरॉक्सचे कागद होते. पुरुषांच्या मंडळातले काही जण हसले. याच वेळी ते महिनामहिन्याचे अबोले झाले. हातात कागद घेऊन भजन करतात, शाळा आहे काय? मी मात्र त्या बायकांना गाताना पाहिले आहे. सुरुवातीला सगळ्यांच्या माना खाली असायच्या, टाळ कागदावर ठेवलेले असायचे आणि वाजवायला उचलले की कागद उडायचा. ध्रुपदाला मात्र माना वर यायच्या. हळूहळू दुसऱ्या चरणालाही वर यायला लागल्या. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे सत्तावीस अभंग आता त्या कागदाशिवाय म्हणतात, पावलीसकट. जागराला मात्र वही समोर असते. त्या गाथेतले असे अभंग काढतात की जे आमच्या गावात कधी कोणी ऐकले नव्हते; देवाशी भांडणारेही. आजी असेपर्यंत मधे बसायच्या. कागदावर चाल लिहिलेली नसते, ती त्यांच्याकडून घ्यावी लागायची.

माझा कल विचाराल तर तो याच रीतीकडे आहे. जे रोजचे आहे, ठरलेले आहे, चालताना आणि अंधारात म्हणायचे आहे, ते पाठच हवे, आणि एकाला नव्हे, निदान तिघा-चौघांना. नाहीतर लुकमा देणार कोण? बाकीच्यासाठी वही खुशाल उघडावी. मोबाइलबद्दल मात्र माझे मन अजून तयार नाही. वही दोघींच्या मधे ठेवता येते, एकीचे बोट दुसरीला ओळ दाखवते. मोबाइल ज्याचा त्याच्या तळहातावर असतो, आणि मधेच वाजतो. हे म्हातारपणाचे लक्षण असेल, मान्य आहे. तसे पाहिले तर हे भाषणसुद्धा मी तुमच्यापुढे कागदावरूनच वाचतो आहे. आकाशवाणीवर आधी संहिता लिहून द्यावी लागते. अण्णांनी ऐकले असते तर टाळ थांबवले असते.

अण्णा २००९ साली गेले. त्या ‘न’चे काय झाले ते सांगायचे राहिले. गाथा पाहिल्यावर अण्णांनी पुढच्याच एकादशीला सर्वांना सांगितले, इथे ‘न’ आहे, आजपासून म्हणायचा. झाले भलतेच. निम्म्या रांगेने म्हटला, निम्मी रांग जुन्या वळणाने गेली, आणि एकाच चरणात अर्धे गाव ‘करा’ आणि अर्धे ‘करू नका’ म्हणू लागले. सुधारायला दोन वर्षे लागली. बायकांच्या मंडळाने माझी मापाची वही झेरॉक्स करायला मागितली तेव्हा त्या पानावर मी लाल शाईने ‘न’ घातला, त्यामुळे त्यांचा पहिल्यापासून बरोबर आहे. पुरुषांच्या रांगेत भिंतीकडे बसणारे दोघे जण मात्र अजून तो खातात. गेल्या कार्तिकीला मी मुद्दाम कान देऊन ऐकले.